ग्रीक खुर्ची आणि तिचे कारागीर

राजेरजवाड्यांच्या सिंहासनांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. सिंहासनावर कोण चढला, त्याला कोणी खाली ओढले, त्यासाठी किती माणसे मेली, याची जंत्री आपण सर्वांनीच लहानपणी पाठ केलेली असते. पण घरातल्या साध्या खुर्चीचाही इतिहास असतो, आणि तो सिंहासनाच्या इतिहासापेक्षा कमी रक्ताघामाचा नसतो. आज आम्ही ज्या खुर्चीविषयी बोलणार आहोत ती सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशात घडली, मग अनेक शतके विस्मृतीत गेली, पुढे पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन येथे पुन्हा अवतरली, आणि १९६१ साली अथेन्स शहरातच तिचा पुनर्जन्म झाला. आधुनिक फर्निचरच्या जगात आज तिला मोठा मान आहे. 'ग्रीक कारागिरीपासून स्फूर्ती घेतलेले' असे शब्द ज्या टेबलखुर्च्यांच्या मागे लावले जातात, त्यांच्यापैकी बहुतेकांची आजी ही खुर्चीच होय. तिचे नाव क्लिस्मॉस.

या खुर्चीचे सर्वांत प्रसिद्ध चित्र एका थडग्याच्या दगडावर आहे. अथेन्सच्या वेशीजवळ केरामेइकॉस नावाची वस्ती होती. कुंभारांची वस्ती म्हणून तिला हे नाव पडले. आपल्या भाषेत सांगायचे तर तो अथेन्सचा कुंभारवाडा. तेथल्या स्मशानभूमीत १८७० साली एक संगमरवरी शिळा सापडली. ती इ.स.पू. ४१० ते ४०० च्या सुमाराची असावी. आज ती अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. शिळेवर एक तरुण स्त्री खुर्चीत बसलेली आहे. तिचे पाय लहानशा पादासनावर टेकले आहेत. समोर दुसरी एक स्त्री हातात डबी घेऊन उभी आहे आणि बसलेली स्त्री त्या डबीतून दागिना उचलून पाहत आहे. वर नाव कोरले आहे : हेगेसो, प्रॉक्सेनॉसची मुलगी. हे नाव बसलेल्या स्त्रीचे. जी उभी आहे तिचे नाव कोठेही नाही. ती दासी आहे, हे तिच्या लांब बाह्यांच्या साध्या वेषावरून ओळखू येते.

एक बसली आहे, एक उभी आहे. श्रोतेहो, या दोन शब्दांत फर्निचरचा निम्मा इतिहास आला. उरलेला निम्मा इतिहास त्या दोघींच्याही नजरेआड आहे. ती खुर्ची ज्याने केली, त्याचा तो इतिहास.

प्रथम वस्तूकडे पाहू, कारण वस्तू सुंदर आहे आणि सौंदर्याला न्याय दिल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. क्लिस्मॉसला हात नाहीत, नक्षी नाही, सोन्यामोत्यांचा जडाव नाही. चार पाय खाली जाताना तलवारीच्या पात्यासारखे बाहेर वळतात. पुढचे पुढे, मागचे मागे. मागच्या बाजूला खांब वर जातात आणि त्यांच्यावर एक रुंद, आत वळलेली पाठीची पट्टी बसते. ती खांद्यांच्या उंचीवर असल्याने बसणाऱ्याच्या पाठीला कवेत घेते. बैठक चामड्याच्या पट्ट्यांची किंवा दोऱ्यांची विणलेली, आणि तिच्यावर उशी. त्याआधीच्या संस्कृतींत उंच आसन हे प्रामुख्याने अधिकाराचे चिन्ह होते. त्यावर माणूस ताठ बसे, कारण त्याला पाहणारे समोर उभे असत. ग्रीकांकडेही तसे आसन होते आणि त्याला ते थ्रोनॉस म्हणत. परंतु क्लिस्मॉस ही आरामात, किंचित मागे रेलून बसण्याची खुर्ची आहे. मडक्यांवरील चित्रांत तिच्यावर बसून बायका लोकर हाताळतात, मुलाला मांडीवर घेतात, वाद्य वाजवतात, गुरू शिष्याला पाठ देतो. अधिकारासाठी नव्हे, तर माणसाच्या पाठीसाठी घडवलेली ही खुर्ची आहे.

मात्र ती करणे सोपे नाही. ज्यांनी रंधा आणि पटाशी हाती धरली आहे त्यांना आम्ही काय म्हणतो ते लगेच कळेल. पाय बाहेर वळलेला असला की बसणाऱ्याचे वजन त्याला आणखी बाहेर ढकलते. सरळ फळीतून करवतीने तो बाक कापून काढला, तर लाकडाच्या रेषा मध्येच तुटतात आणि पाय नेमका तेथेच मोडतो. म्हणजे लाकडाची रेषा पायाच्या बाकाबरोबर वळली पाहिजे. त्यासाठी मुळात वाकडी वाढलेली फांदी शोधावी लागेल, किंवा ओले लाकूड वाफेने वाकवावे लागेल. ग्रीक सुताराने यांतला कोणता मार्ग धरला यावर पंडितांत अजून वाद आहे. याचे कारण असे की ग्रीसच्या त्या काळातील लाकडी क्लिस्मॉस एकही उरलेली नाही. आहेत ती मडक्यांवरची आणि दगडांवरची चित्रे. चित्रांत बैठकीच्या चौकटीत पाय शिरतो तेथे खुंट्यांची टोके दाखवलेली दिसतात. खाच, कूस आणि खुंटी यांवर सारा भार तोललेला होता. आपल्याकडे कार्ल्याच्या चैत्यगृहात छताखाली सागवानाच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. ग्रीसच्या लाकडाला ते भाग्य लाभले नाही. सुताराचे काम नाहीसे झाले आणि त्याची आठवण कुंभाराने व पाथरवटाने जपली. एका कारागिराचे ऋण दुसऱ्या कारागिराने फेडले, असेच म्हणावे लागेल.

आता ही खुर्ची ज्या घरात होती त्या घरात जाऊ. ग्रीक घराचे दैवत म्हणजे चूल. तिला ते हेस्तिया म्हणत. मूल जन्मले की पाचव्या किंवा सातव्या दिवशी त्याला उचलून चुलीभोवती फिरवीत; तेव्हा ते घरचे झाले. घरातील पुरुषांची मेजवानी होई ती क्लिने नावाच्या बाजेवर. या बाजेवर डाव्या कोपरावर रेलून पुरुष खात, पीत आणि चर्चा करीत. घरच्या कुलीन बायकांना त्या बैठकीत जागा नव्हती. माणूस मेला की त्याच प्रकारच्या बाजेवर त्याचे प्रेत ठेवीत आणि आप्तेष्ट भोवती शोक करीत. म्हणजे ग्रीक माणसाच्या दृष्टीने फर्निचर ही केवळ सोय नव्हती. घरातील प्रत्येक संस्काराला त्याचे त्याचे आसन होते. झेनोफॉन या लेखकाने घरकारभारावर एक संवाद लिहिला आहे. त्यात एक गृहस्थ आपल्या तरुण पत्नीला घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवण्यात केवढे सौंदर्य असते हे समजावतो. आजचे फर्निचरकार ग्रीक घराचा जो साधेपणा, जी शिस्त वाखाणतात, तिचे मूळ येथे आहे.

परंतु याच घरातला एक विधी आम्हांला फार विचार करायला लावतो. नवी नवरी सासरी आली की तिला चुलीपाशी नेऊन तिच्यावर सुके अंजीर, बदाम-अक्रोडासारखी फळे आणि खाऊ उधळीत. आपल्याकडे नवरी माप ओलांडून येते, त्यातलाच हा प्रकार. घरात सुबत्ता यावी, आलेली व्यक्ती घरची व्हावी, हा भाव. विधी गोड आहे. पण नेमका हाच विधी आणखी एका व्यक्तीसाठी होत असे. बाजारातून नवा गुलाम विकत आणला की त्यालाही चुलीपाशी बसवीत आणि त्याच्यावरही तसेच अंजीर व फळे उधळीत. नवरीही घरची आणि गुलामही घरचा! ज्या गोड हातांनी नवरीचे स्वागत होई त्याच हातांनी मालकीचा शिक्काही मारला जाई. घरगुती संस्काराचे कौतुक करताना हे विसरले की कौतुक अर्धे राहते. हेगेसोच्या समोर डबी घेऊन उभी असलेली ती स्त्री किंवा तिची आई अशाच एखाद्या दिवशी चुलीपाशी बसली असेल, तिच्यावर अंजीर पडले असतील, आणि त्यानंतर ती जन्मभर उभी राहिली असेल.

आता प्रश्न येतो तो करणाऱ्याचा. या खुर्च्या, या बाजा कोण करीत असे? सुदैवाने याचे उत्तर आपल्याला एका कोर्टकज्ज्यातून मिळते. डेमॉस्थेनीस हा ग्रीसचा सर्वांत मोठा वक्ता. तो सात वर्षांचा असताना त्याचा बाप वारला आणि पालकांनी इस्टेट गिळंकृत केली. वयात आल्यावर त्याने इ.स.पू. ३६४ च्या सुमारास पालकांवर दावा लावला आणि बापाच्या मालमत्तेचा हिशेब न्यायसभेपुढे ठेवला. त्यात दोन कारखाने होते. एकात ३२ किंवा ३३ गुलाम तलवारी व सुऱ्या करीत. दुसऱ्यात २० गुलाम बाजा करीत. हे वीस सुतार त्याच्या बापाकडे ४० मीनांच्या कर्जापोटी गहाण पडलेले होते आणि त्यांच्यापासून वर्षाला निव्वळ १२ मीना नफा होत असे. कच्च्या मालात हस्तिदंत, लोखंड आणि बाजांचे लाकूड होते.

एक मीना म्हणजे १०० द्राख्मा. हिशेब करून पाहा. वीस माणसांची गहाणकिंमत ४००० द्राख्मा, म्हणजे माणशी २००. वार्षिक नफा १२०० द्राख्मा, म्हणजे माणशी ६०. साडेतीन वर्षांच्या आत प्रत्येक सुताराने आपली सगळी किंमत मालकाला फेडली, आणि तरी तो मालकाचाच राहिला. आम्ही कामगार चळवळीत उमेदीची वर्षे घालवली, कारखान्यांचे ताळेबंद वाचायला रात्रीचे जागून शिकलो. ताळेबंदात माणूस खर्चाच्या बाजूला असतो हे आम्हांला ठाऊक होते. माणूसच मालमत्तेच्या बाजूला, तोही गहाणखतात, असा ताळेबंद मात्र आम्ही या वक्त्याच्या भाषणातच वाचला. त्या वीस सुतारांतील एकाचेही नाव जगातल्या या महावक्त्याने उच्चारलेले नाही. त्याची तक्रार ते गुलाम होते याची नव्हती; त्यांचे उत्पन्न आपल्याला मिळाले नाही याची होती.

दुसरा पुरावा दगडाचा आहे. इ.स.पू. ४१५ साली अथेन्समध्ये देवमूर्तींची विटंबना आणि गुप्तविधींची टवाळी केल्याच्या आरोपावरून आल्किबियाडीस व इतर धनिकांना दोषी ठरवून त्यांची मालमत्ता सरकारजमा करण्यात आली आणि तिचा लिलाव झाला. लिलावाची यादी शिळांवर कोरली गेली. त्या शिळांचे तुकडे अथेन्सच्या चौकात सापडले असून १९५३ पासून अमेरिकन संशोधक केंड्रिक प्रिचेट यांनी ते प्रसिद्ध केले. ग्रीक घरात काय काय असे, याचा याहून चांगला पुरावा नाही. त्यात मायलीटस पद्धतीच्या बाजा आहेत, मेजे आहेत, पेट्या आहेत, उशा आहेत. आणि त्याच यादीत माणसे आहेत. पिरेयस बंदरात राहणाऱ्या केफिसोडोरॉस नावाच्या परदेशी रहिवाशाचे १६ गुलाम विकले गेले. त्यांत एक सिरियन पुरुष ३०१ द्राख्मांना गेला, आणि कारिया देशातले एक लहान मूल ७२ द्राख्मांना. बाज, पेटी, उशी, मूल : एकच छिन्नी, एकच अक्षर, एकच यादी.

पुढे तत्त्वज्ञ प्लेटोला सत्य आणि आभास यांतला फरक सांगायचा होता, तेव्हा त्याने उदाहरण घेतले ते बाजेचेच. देवाने केलेली बाजेची कल्पना एक, सुताराने केलेली बाज दुसरी आणि चित्रकाराने काढलेले बाजेचे चित्र तिसरे. सुताराला त्याने दुसऱ्या पायरीवर बसवले. चित्रकारापेक्षा वर, ही त्यातल्या त्यात मेहेरबानी. पण बाज करणारा सुतार स्वतः कोणाच्या मालकीचा आहे, हा प्रश्न त्या संवादात कोणी विचारला नाही.

मात्र एकांगी बोलणे आम्हांला मान्य नाही. ग्रीक श्रमाच्या इतिहासाला दुसरी बाजूही आहे, आणि ती याच अथेन्सच्या किल्ल्यावर कोरलेली आहे. अॅक्रोपोलिसवर एरेख्थेइऑन नावाचे मंदिर आहे. त्याच्या बांधकामाचे इ.स.पू. ४०९ ते ४०७ या काळातील हिशेब दगडावर कोरून लोकांसमोर उभे केले होते. त्या हिशेबांत १०७ कामगारांची नोंद आढळते. त्यांपैकी ८६ जणांचा दर्जा ठरवता येतो : २४ नागरिक, ४२ परदेशी रहिवासी आणि २० गुलाम. सुतार, करवते, पाथरवट, सोनेरी मुलामा देणारे असे सगळे त्यात आहेत. नेहमीचा रोज एक द्राख्मा. नागरिकाला एक, परक्याला एक, गुलामाच्या नावावरही एक. आणि ज्याने सगळ्या कामाची आखणी पाहिली त्या स्थपतीचा रोजही एकच द्राख्मा! हाताखालच्या कारकुनाला पाच ओबोल. सहा ओबोलांचा एक द्राख्मा होतो, हे लक्षात घ्या.

खांबांना उभ्या खोबणी पाडण्याचे काम टोळ्यांना दिले होते. एका टोळीत सिमियास नावाचा परदेशी रहिवासी होता. त्याच्याबरोबर त्याचे स्वतःचे गुलाम होते. सिमियासला एका हप्त्यात १३ द्राख्मा मिळाले आणि सान्नियॉन, एपिएइकेस, सोसान्ड्रॉस या त्याच्या गुलामांच्या नावापुढे प्रत्येकी १२ द्राख्मा ५ ओबोल लागले. मालक आणि गुलाम यांत फरक एका ओबोलाचा. गुलामाचा रोज अखेर मालकाच्या खिशात जात असे, असेच विद्वान मानतात. तेव्हा याला आम्ही समता म्हणणार नाही. पण दोन गोष्टी येथे घडल्या. एक, कामाचा दर माणसाच्या जन्मावरून न ठरता कामावरून ठरला. समान कामाला समान दाम हे तत्त्व स्त्रीपुरुषांच्या बाबतीत आपल्या राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात आले आहे; ते सिद्ध करण्यासाठी माणसांना किती लढावे लागले, हे आम्ही जाणतो. दुसरी गोष्ट, लोकांचा पैसा खर्च होत होता म्हणून हिशेब लोकांसमोर ठेवावा लागला, आणि हिशेब ठेवला म्हणून नावे उरली. खाजगी कारखान्यातले वीस सुतार निनावी गेले. सार्वजनिक कामावरचे गुलामसुद्धा नावानिशी अमर झाले. यातला बोध उघड आहे.

असाच बोध आपल्या सह्याद्रीतही आहे. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेल्या खांबांवर त्यांची नावे कोरलेली आहेत. यवन हा शब्द मुळात ग्रीकांसाठीचा. आणि त्याच लेण्यात, त्याच धेनुकाकटाचा एक सुतार, वेणुवासाचा मुलगा सामी, याने दरवाजाचे काम केल्याचा लेख आहे. दाता आणि सुतार एकाच भिंतीच्या आसऱ्याला नावानिशी उभे आहेत. हेगेसोच्या शिळेवर जे झाले नाही, ते येथे झाले.

आता पुढच्या अंकाकडे वळू. ग्रीक खुर्ची चित्रांत झोपली होती. अठराव्या शतकात हर्क्युलेनियम व पॉम्पेई या गाडलेल्या शहरांचे उत्खनन सुरू झाले, ग्रीक मडक्यांचे संग्रह छापून आले, आणि युरोपला जुन्या ग्रीसचे वेड लागले. पॅरिसचा चित्रकार दाविद याने आपल्या चित्रशाळेसाठी जॉर्ज जाकोब या सुताराकडून जुन्या धर्तीचे फर्निचर करवून घेतले. ब्रूटसच्या घरी त्याच्या मुलांची प्रेते आणली जातात, हे दाविदचे चित्र १७८९ सालचे, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्याच वर्षाचे. त्यात ही तलवारपायी खुर्ची ठळक दिसते. डेन्मार्कमध्ये आबिल्डगार्ड या चित्रकाराने स्वतःसाठी अशाच खुर्च्या करवल्या. लंडनमध्ये थॉमस होप या धनाढ्य सावकारी घराण्यातील गृहस्थाने १८०७ साली घरगुती फर्निचरावर आराखड्यांचे पुस्तक काढले आणि हा घाट इंग्लंडभर पसरला. होपविषयी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. आपल्या आराखड्यांप्रमाणे काम करू शकणारे कारागीर मिळवताना आपल्याला किती यातायात पडली हे त्याने लिहून ठेवले, आणि त्यांची नावेही दिली : ब्राँझचे काम करणारा फ्रेंच देकै आणि कोरीव काम करणारा, नेदरलंड्सकडचा, बोगार्ट. धनिक असूनही त्याने एवढे औदार्य दाखवले, त्याची नोंद घेणे आमचे कर्तव्य आहे.

अमेरिकेत लॅट्रोब या स्थपतीने १८०९ साली अध्यक्ष मॅडिसन यांच्या निवासासाठी ग्रीक घाटाच्या खुर्च्या आखल्या आणि बाल्टिमोरच्या फिन्ले बंधूंनी त्या केल्या. नव्या लोकशाहीला जुन्या लोकशाहीचे आसन हवे होते. पण ते निवासस्थान बांधताना जे सुतार कामावर होते त्यांच्या १७९५ च्या पगारपत्रकात पीटर, बेन, हॅरी, डॅनियल अशी गुलामांची नावे आहेत, आणि त्यांचा पगार मालकांच्या पदरात पडत होता. एरेख्थेइऑनचा दगडी हिशेब बावीसशे वर्षांनी कागदावर पुन्हा लिहिला गेला! ऑगस्ट १८१४ मध्ये इंग्रज फौजेने ते घर जाळले, त्यात खुर्च्याही जळाल्या. पगारपत्रक मात्र राहिले.

विसाव्या शतकातील पुनर्जन्माचा मानकरी टेरेन्स रॉब्सजॉन-गिबिंग्ज. हा १९०५ साली लंडनमध्ये जन्मला. ब्रिटिश म्युझियममधील ग्रीक मडक्यांनी त्याला वेड लावले. १९३६ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या मॅडिसन अॅव्हेन्यूवर दालन उघडले आणि तेथे क्लिस्मॉस खुर्च्या मांडल्या. १९४४ मध्ये त्याने एक खोचक पुस्तक लिहून जुन्या युरोपियन फर्निचरच्या नकलांची रेवडी उडवली. १९४३ ते १९५६ या काळात तो मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहरातल्या विडिकोम कंपनीसाठी आराखडे करीत होता. या शहराला अमेरिकेची फर्निचरनगरी म्हणत. आमच्यासारख्यांना हे शहर दुसऱ्याच कारणाने माहीत आहे. १९ एप्रिल १९११ रोजी तेथील फर्निचर कारखान्यांतले सुमारे सहा हजार कामगार संपावर गेले. मागण्या कोणत्या? नऊ तासांचा दिवस, दहा टक्के पगारवाढ, आणि नगावर मजुरी देण्याची पद्धत बंद करणे. पुष्कळसे कामगार डच आणि पोलिश स्थलांतरित. संप चार महिने चालला आणि अखेर मोडला. २००७ साली त्या शहरात या संपाचे स्मारक उभे राहिले. संप हरले तरी पुसले जात नाहीत, हे त्यावरून कळावे.

पुढे १९६० च्या सुमारास रॉब्सजॉन-गिबिंग्जची अथेन्सच्या सारिडीस दांपत्याशी गाठ पडली. सारिडीस ही फर्निचर करणारी अथेन्समधली जुनी पेढी, १८६७ सालची. १९६१ साली त्यांनी मिळून मडक्यांवरच्या आणि थडग्यांवरच्या चित्रांवरून क्लिस्मॉस, बाज, स्टूल, तिपाई असे सारे फर्निचर अक्रोडाच्या लाकडात, चामड्याच्या पट्ट्यांनी विणून पुन्हा घडवले. १९६३ मध्ये त्यावर कार्लटन पुलिन यांच्यासह त्याचे पुस्तकही निघाले. पुढे तो अथेन्समध्येच राहिला आणि १९७६ साली तेथेच वारला. अडीच हजार वर्षांनी ही खुर्ची आपल्या गावी परतली, आणि तिला परत आणणारे हात अथेन्सच्या सुतारांचे होते. आराखडेकाराचे नाव जगभर झाले. लिलावांत त्या खुर्च्या त्याच्या नावावर मोठ्या किमतीला जातात. ज्यांनी चित्रातला तो अवघड बाक लाकडात उतरवला त्या सुतारांची नावे मात्र त्या किमतीत कोठेच दिसत नाहीत.

आणि त्या सुतारांचा देश तेव्हा कोणत्या अवस्थेत होता? मार्च १९६० मध्ये ग्रीस आणि पश्चिम जर्मनी यांच्यात मजूरभरतीचा करार झाला. पुढील वर्षांत लाखो ग्रीक माणसे जर्मनीच्या कारखान्यांत राबायला गेली. २१ एप्रिल १९६७ रोजी लष्कराने सत्ता बळकावली, अनेक कामगार संघटना बरखास्त केल्या, पुढाऱ्यांना बेटांवर नेऊन डांबले. ती राजवट जुलै १९७४ पर्यंत टिकली. म्हणजे प्राचीन ग्रीसच्या घराचे शांत, संयमी सौंदर्य जगभर विकले जात होते, त्याच वर्षांत अर्वाचीन ग्रीसच्या कामगाराला आपल्या घरात शांतपणे बसण्याची सोय नव्हती.

कोणी म्हणेल, तुम्ही चळवळीतले लोक. तुम्हांला खुर्चीतही शोषणच दिसणार. सुंदर वस्तू सुंदर म्हणून पाहा की! या आक्षेपाला आमचे उत्तर असे. आम्ही ती खुर्ची सुंदर म्हणूनच पाहतो, आणि ती सुंदर का आहे हेही विचारतो. तिचे सौंदर्य कोण्या कुलीन स्त्रीच्या बसण्यात नाही. ते त्या पायाच्या बाकात आहे, रेषा न तोडता लाकूड वळवण्याच्या अकलेत आहे, पाठीचे दुखणे ओळखणाऱ्या हातात आहे. दिवसभर वाकून काम करणाऱ्यालाच पाठ म्हणजे काय ते कळते. तेव्हा सौंदर्य आणि श्रम यांची फारकत आम्ही करीत नाही. ज्यांनी श्रमिकाचे नाव पुसून सौंदर्य तेवढे ठेवले, त्यांनी ती केली आहे.

आज पुष्कळ ठिकाणी घरगुती विधी, हातकाम, परंपरा यांपासून स्फूर्ती घेतल्याचे सांगून फर्निचर विकले जाते. स्फूर्ती घ्यावी. परंपरा कोणाच्या बापाची नव्हे, ती घेतल्याने वाढते. पण स्फूर्ती घेणाऱ्याने दोन गोष्टी बरोबर घ्याव्यात. पहिली, एरेख्थेइऑनचा हिशेब : कोणी किती दिवस काम केले, त्याला काय मिळाले, हे उघड्यावर लिहा. दुसरी, कार्ल्याच्या सुताराचा लेख : आराखडेकाराच्या नावाशेजारी करणाऱ्याचे नाव येऊ द्या. खुर्चीच्या बैठकीखाली बोटभर जागा त्यासाठी पुरेल. आणि जो घाट जुन्या घरातून उचलाल, त्या घरात कोण बसत होते आणि कोण उभे होते, हेही ग्राहकाला सांगा. त्याने खुर्चीची किंमत कमी होणार नाही.

लोकशाहीची व्याख्या पंडितांनी अनेक प्रकारे केली आहे. आमची व्याख्या सुताराच्या कामावरून आलेली आहे आणि ती साधी आहे. ज्या घरात खुर्ची करणारा त्या खुर्चीवर बसू शकतो, आणि ज्या घरात कोणालाही डबी धरून जन्मभर उभे राहावे लागत नाही, त्या घरात लोकशाही आहे. हेगेसोला तिचे आसन मिळाले, नाव मिळाले, दगडात चिरकाल बसायला मिळाले. तिचा हेवा आम्ही करीत नाही. तिच्यासमोर उभी असलेली ती निनावी बाई मात्र चोवीसशे वर्षे उभीच आहे. तिला बसायला एक खुर्ची देणे, हे इतिहास लिहिणाऱ्याचे, फर्निचर करणाऱ्याचे आणि संघटना बांधणाऱ्याचे, तिघांचे मिळून एकच काम आहे.